फिनिशिंगला मशीन अडखळतंय? आधी सेकंदाचे ब्लॉक मोजा

भोसरी एमआयडीसीतल्या लहान सीएनसी शॉपमधून, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी कटिंग मशीन असलेल्या कारखान्यांतून, मला येणारे निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात. "मॅडम, रफिंग मस्त झालं, पण फिनिशिंगला मशीन झटके खातंय. कॉम्प्युटर जुना झालाय, नवा घेऊ का?" (रफिंग म्हणजे जास्तीचा माल भराभर काढणं, फिनिशिंग म्हणजे शेवटचा बारीक हात.) मी म्हणते, घेऊ नका, थांबा, मी संध्याकाळी येते. एकदा नवा कॉम्प्युटर घेऊन झाल्यावर मला बोलावलं होतं. लाखभर रुपये गेले होते आणि साच्याच्या कॅव्हिटीवरचे (पोकळ भागावरचे) डाग जिथल्या तिथे होते. मालकांचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणूनच हे लिहितेय.

तिथला जॉब होता पी२० स्टीलची मोल्ड कॅव्हिटी. सहा मिलिमीटरचा बॉलनोज (गोल टोकाचा कटर), ८००० आरपीएम, फीड (कटर सरकण्याचा वेग) मिनिटाला १८०० मिलिमीटर. व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) जुना, कंट्रोल (मशीनचा मेंदू) फॅनुक झिरो आय, आणि प्रोग्रॅम आरएस-२३२ केबलने डीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरून ओळीओळीने येत, चालत होता. मशीनजवळ उभं राहिलं की ऐकू यायचं: जरा पळतं, थबकतं, पुन्हा पळतं. कटर जिथे थबकायचा, तिथे पृष्ठभागावर बारीक दाणा उठायचा. पॉलिशवाला दोन दिवस तेच घासत बसायचा.

अशा वेळी आधी कागद-पेन घ्या. प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे एक ब्लॉक. एक ब्लॉक बघा: एक्स१२.३४५ वाय-३४.५६७ झेड-५.६७८. मशीनला एक्स, वाय, झेड हे प्रत्येकी एकच अक्षर, त्यामुळे मधे जागा न सोडता ही २२ अक्षरं, ओळ संपल्याची खूण धरून २३. केबलचा वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट आणि सुरुवातीचा एक, म्हणजे एका अक्षराला ११ बिट लागतात. ९६०० भागिले ११ केलं की सेकंदाला सुमारे ८७२ अक्षरं येतात. त्यांना २३ ने भागा, ३८ ब्लॉक. केबल सेकंदाला एवढेच ब्लॉक देऊ शकते.

आता मशीनला हवेत किती? फीड १८०० म्हणजे सेकंदाला ३० मिलिमीटर. त्या प्रोग्रॅममध्ये दोन बिंदूंमधलं अंतर ०.१ मिलिमीटर होतं, म्हणजे सेकंदाला ३०० ब्लॉक हवेत. मागणी ३००, पुरवठा ३८. बफरमध्ये साठलेले ब्लॉक संपेपर्यंत मशीन पळतं, ते संपले की पुढचे येईपर्यंत वाट बघतं. तोच तो झटका. ३८ ब्लॉकवर ते सलग चालणार फार तर २२८ च्या फीडने. ऑफिसमध्ये कितीही भारी कॉम्प्युटर आणला तरी त्या तारेतून जाणारं पाणी तेवढंच.

गणित झालं की मशीनवर खात्री करा. पोझिशन स्क्रीनवर प्रत्यक्ष फीडचा आकडा दिसतो. कटर हवेत चालवून त्यावर नजर ठेवा. तो १८०० वरून २०० वर आणि परत वर असा नाचत असेल, तर ओव्हरराइड (फीड कमी-जास्त करायची चकती) खाली आणत जा. गणितातून आलेल्या फीडजवळ मशीन एकदम गुळगुळीत चालायला लागलं, तर ब्लॉकचा पुरवठा कमी पडतोय. कितीही हळू केलं तरी डाग त्याच जागी येत असेल, तर दोष पुरवठ्यात नाही. प्रोग्रॅममधले बिंदू बघा, नाहीतर मशीनचा बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई).

दुसरी चाचणी मला जास्त आवडते. फाइलमधल्या आठेक हजार ओळींचा तुकडा काढा, सुरुवात-शेवट नीट लावा आणि कंट्रोलच्या मेमरीत टाकून तिथून चालवा. तिथून सुरळीत चालला तर गुन्हेगार केबल. मेमरीतूनही अडखळला तर कंट्रोलला एवढे बारीक ब्लॉक वाचून पुढचा हिशेब करणं झेपत नाहीये, आणि त्याचं औषध प्रोग्रॅममध्ये आहे. अख्खी फाइल मेमरीत का टाकत नाही, असं नवीन मुलं विचारतात. जुन्या कंट्रोलची मेमरी अजूनही कागदी टेपच्या मीटरमध्ये मोजतात. ६४० मीटर म्हणजे जेमतेम २५६ केबी. फिनिशिंगची फाइल सहज ३ एमबीची असते, म्हणजे साडेसात किलोमीटर टेप!

दुखणं केबलचं निघालं तर आधी बॉड रेट १९२०० करा, मशीनच्या बाजूला आणि कॉम्प्युटरच्या बाजूलाही. एकाच बाजूला केलात तर ०८५ नंबरचा अलार्म येईल. केबल लांब असेल, शेजारी वेल्डिंग चालत असेल, तर वरच्या वेगाला अक्षरं बिघडतात. तेव्हा शिल्डवाली केबल घ्या आणि पॉवरच्या वायरींपासून लांबून न्या. पण कंट्रोलला कार्डाचा स्लॉट असेल, तर मी केबलच्या भानगडीत पडतच नाही. अडॅप्टरमध्ये सीएफ कार्ड बसवायचं, २ जीबीच्या आतलं, फॅट फॉरमॅट केलेलं. पॅरामीटर २० मध्ये ४ घालायचे, १३८ चा बिट ७ एक करायचा आणि डीएनसी थेट कार्डावरून. पॅरामीटरला हात लावण्याआधी जुना आकडा वहीत लिहा आणि स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. दोन्ही करा. कार्डाच्या फाइलचं नाव छोटं ठेवा, ओ१२३४ सारखं. आणि कार्डावर फाइल टाकली की शेवटची ओळ उघडून बघा: एम३० आणि टक्क्याची खूण आहे ना? अर्धवट कॉपी झालेली फाइल जॉबच्या मधेच संपते, आणि कटर तिथेच फिरत उभा राहतो.

आता टूलपाथकडे, म्हणजे कॅम सॉफ्टवेअर कटरला आखून देतं त्या वाटेकडे, या. खरी कमाई इथे आहे, आणि तिला एक रुपया लागत नाही.

त्या कॅव्हिटीच्या फिनिशिंगला टॉलरन्स (खऱ्या आकारापासून चालणारा फरक) ०.००१ मिलिमीटर दिला होता आणि बिंदूंमधलं कमाल अंतर ०.१. कोणीतरी "बारीक दिलं की चांगलं येतं" म्हणून टाकलेलं असणार. मीही औरंगाबादच्या इंडो जर्मन टूल रूममधून शिकून बाहेर पडले तेव्हा असंच करायचे. पण ०.००१ लिहिलं म्हणून जॉब मायक्रॉनचा होत नाही. पॉलिशचा दगड त्याहून कितीतरी जास्त माल काढतो.

एक सूत्र माझ्या टेबलाच्या काचेखाली लावलेलं आहे. पाथच्या वळणाची त्रिज्या गुणिले टॉलरन्स गुणिले ८, आणि त्याचं वर्गमूळ. तेवढं अंतर दोन बिंदूंमध्ये ठेवलं तरी सरळ रेघ खऱ्या वळणापासून टॉलरन्सपेक्षा लांब जात नाही. त्रिज्या ५ आणि टॉलरन्स ०.००१ असेल तर अंतर येतं ०.२. टॉलरन्स ०.००५ केला की ०.४५. त्रिज्या ५० ला ०.००५ वर चक्क १.४ मिलिमीटर. आता परत तेच गणित करा. अंतर ०.४५ आणि फीड १८०० असेल तर सेकंदाला ६७ ब्लॉक लागतात. १९२०० ची केबल ७६ देते. जुनीच केबल, जुनाच कॉम्प्युटर, आणि मशीन अडखळायचं थांबतं.

पण उलट टोकालाही जाऊ नका. बिंदू फार लांब गेले, किंवा कुठे दाट, कुठे विरळ पडले, की चकचकीत कॅव्हिटीवर पैलू दिसतात, आणि ते पॉलिशलाही दाद देत नाहीत. शेजारशेजारच्या दोन पासमधले बिंदू साधारण एका ओळीत आले पाहिजेत. कॅममध्ये बिंदू समान अंतरावर वाटायचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, तो शोधा. रफिंगला मात्र सढळ हाताने ०.०५ द्या. अर्धा मिलिमीटर स्टॉक राखून ठेवलाय, तिथे मायक्रॉन कशाला?

पोस्ट प्रोसेसरमधून (टूलपाथ मशीनच्या भाषेत लिहिणारा भाग) एन नंबर, म्हणजे ओळींचे क्रमांक, बंद करा. प्रत्येक ओळीत एन१२३४० ही सहा अक्षरं जातात, आणि ९६०० वर ३८ ब्लॉकचे ३० होतात. मधल्या मोकळ्या जागाही काढा, कंट्रोलला त्या लागत नाहीत. माणसाला वाचायला सोयीचं म्हणून एन नंबर हवेच असतील, तर फक्त टूल बदलाच्या ओळीला ठेवा.

सपाट प्लेनमधल्या वळणांना जी०२-जी०३ (आर्क, म्हणजे गोलाकार चालीचे कोड) घ्यायला लावलं की दहा ओळींची एक ओळ होते. इथे एक खाच आहे. अगदी छोट्या आर्कमध्ये आय-जे चे (आर्कच्या मध्यबिंदूचे) आकडे तिसऱ्या दशांशाला गोल होतात, सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळत नाही आणि ०२० नंबरचा अलार्म येतो. त्याची मर्यादा ३४१० या पॅरामीटरमध्ये असते. ती वाढवून अलार्म गप्प करता येतो, पण मी तसं करत नाही. ठरावीक त्रिज्येखालचे आर्क रेघांमध्येच काढ, असं पोस्टला सांगते.

मेमरीतून किंवा कार्डावरून चालवूनही कोपऱ्यांवर धक्का बसत असेल तर जी०५.१ क्यू१ घालून बघा. कंट्रोल पुढचे ब्लॉक आधी वाचतो आणि वेग हळूहळू कमी-जास्त करतो. ओळ स्वतंत्र हवी. मी ती जी४३ (टूलच्या लांबीचा कोड) नंतर घालते आणि टूल बदलण्याआधी क्यू० ने बंद करते. ०१० चा अलार्म आला तर तुमच्या मशीनवर तो ऑप्शन घेतलेला नाही. पोस्टमध्ये असा कुठलाही बदल केला की पहिला प्रोग्रॅम हवेतच चालवायचा. वर्क ऑफसेटच्या (जॉबच्या शून्यबिंदूच्या) स्क्रीनवर वरच्या ईएक्सटीच्या झेडमध्ये १०० टाका, सगळा प्रोग्रॅम जॉबच्या १०० मिलिमीटर वर चालतो. आमचे ऑपरेटर काका ते १०० परत शून्य करेपर्यंत सायकल स्टार्टच्या बटणावर पिवळी चिकटपट्टी लावून ठेवतात. ही सवय जरूर उचला.

कॉम्प्युटर कधी बदलायचा? टूलपाथचं गणित चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. रॅम भरून डिस्क धडधडत असेल तर रॅम वाढवा. मोल्डच्या कामाला ३२ जीबी आणि एसएसडी असली की बहुतेकांचं भागतं. एकच कोअर पूर्ण भरलाय आणि बाकीचे रिकामे बसलेत, असं दिसलं तर जास्त कोअरवाला महागडा प्रोसेसर तुमच्या कामाचा नाही, जास्त क्लॉक स्पीडवाला बघा. मॉडेल फिरवताना स्क्रीन अडकत असेल तरच ग्राफिक्स कार्ड. आणि खरेदीआधी कॅबिनेट उघडून पंखा साफ करा. धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. कास्ट आयर्न कापणाऱ्या शॉपमध्ये ती धूळ लोखंडाची असते, बोर्डावर बसली की शॉर्ट करते. कॉम्प्युटर मशीनशेजारी ठेवायची वेळ आलीच, तर फिल्टर असलेल्या बंद कपाटात ठेवा.

हार्डवेअरची सर्वांत महाग चूक मी स्वतः केली आहे. लॅपटॉप चार्जरला, चार्जर दुसऱ्या फेजच्या सॉकेटला, मशीन चालू, आणि मी घाईत आरएस-२३२ चा कनेक्टर लावला. बारीक ठिणगी दिसली, आणि मशीनचा पोर्ट गेला. दोन दिवस मशीन उभं होतं, डिस्पॅच चुकला. तेव्हापासून आधी मशीन बंद, मग केबल, आणि लॅपटॉप बॅटरीवर. कायमची जोडणी असेल तर मधे ऑप्टो-आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या राहतात.

शेवटचं काम, म्हणजे बॅटरी तपासणं आणि कंट्रोलचा बॅकअप, बुधवारी संध्याकाळी करायचं, कारण आपल्याकडे गुरुवारी सुट्टी. मशीन बंद असताना पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्रॅम हे सगळं ३ व्होल्टच्या एका लिथियम बॅटरीवर जिवंत असतं. स्क्रीनच्या खाली बीएटी लुकलुकायला लागलं की बॅटरी त्याच आठवड्यात बदला, आणि तीही कंट्रोल चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून. एपीसी लुकलुकलं तर ती अ‍ॅक्सिसच्या एन्कोडरची बॅटरी, वेगळी असते. ती संपली तर शुक्रवारी सकाळी झिरो हरवलेलं मशीन समोर येतं.

बॅकअपसाठी स्क्रीनखालच्या सॉफ्ट कीपैकी उजवीकडच्या टोकाच्या दोन दाबून धरा आणि पॉवर चालू करा. बूटचा मेनू येतो, त्यातून एसरॅमचा (बॅटरीवरच्या त्या मेमरीचा) बॅकअप कार्डावर घ्या. मग नेहमीसारखं मशीन चालू करून एडिट मोडमधून पॅरामीटर, पिच एरर (स्क्रूच्या चुकीची दुरुस्ती) आणि पीएमसीचे (मशीनचे स्विच-रिले सांभाळणाऱ्या भागाचे) टायमर-काउंटर वेगळ्या फाइलमध्ये काढा, कारण या फाइल उघडून वाचता येतात. एक प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवा, एक घरी. कार्ड पाकिटात घाला, पाकिटावर मशीनचा नंबर आणि तारीख लिहा आणि इलेक्ट्रिकल पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. बॅटरी बदलल्याची तारीखही तिथेच, मार्करने.