वायू किंवा रसायनाची गळती झाली की आधी काय करायचं आणि वहीत काय लिहायचं

फायर किंवा सेफ्टीचा कोर्स करून नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत रुजू होणाऱ्यांना एक्स्टिंग्विशर चालवता येतो. गाडी अडते ती घटना ओळखताना आणि नंतर लिहिताना.

टँकर असेल तर केशरी पाटी वाचा, वारा पाठीशी ठेवून आणि लांबूनच. १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी. पेट्रोलच्या पाटीवर '३वायई' असतं. ३ म्हणजे फोम. वाय म्हणजे भडक्याची शक्यता, श्वसनसंच हवाच आणि माल नालीत जाऊ द्यायचा नाही. ई म्हणजे परिसर रिकामा करायचा का, ते ठरवा. एलपीजीचा टँकर पेटला असेल तर चारही बाजूंनी १६०० मीटर परिसर रिकामा करायचा. नागपूरच्या वाडी उपनगरासारख्या भागात हा आकडा अशक्य वाटतो, म्हणूनच तो ११२ च्या पहिल्याच फोनवर सांगा. सोबत जागा, पाटीवरचा नंबर, वाऱ्याची दिशा आणि जखमी. नुसतं 'गॅस लीक झालाय' म्हटलं तर समोरच्याला काहीच ठरवता येत नाही.

कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया सगळ्यांना फसवतो. 'हवेपेक्षा हलका, वर जाईल' हे पाठ असतं. पण द्रव अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, त्यामुळे फुटलेल्या लाइनमधून निघालेलं गार धुकं आधी जमिनीलगतच सरकतं. मग कुणीतरी होज उचलून थेट थारोळ्यावर पाणी मारतं. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं; ते पडलं की द्रव उसळतो आणि ढग आणखी फुगतो. फवारा ढगावर धरायचा, थारोळ्यावर नाही.

नोंदीसाठी एक माणूस वेगळा ठेवा. त्याच्या हातात वही-पेन, दुसरं काही नाही. 'वॉल्व्ह खराब होता' हा निष्कर्ष झाला, तो चौकशीवाले काढतील. तुम्ही लिहा: '१४:०७, २ नंबर वॉल्व्हच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) पांढरं धुकं. १४:१२, वरचा वॉल्व्ह बंद', आणि कुणी बंद केला त्याचं नाव. चुकलं तर एक रेघ मारून सही. व्हाइटनर लावलेलं पान पुढे कुणी मानत नाही. सीसीटीव्हीचं घड्याळ बरेचदा काही मिनिटं पुढे-मागे असतं. फरक टिपून ठेवा आणि फुटेजची कॉपी त्याच दिवशी काढा, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर (डीव्हीआर) जुनं पुसून टाकतो.

घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या अपघाताची सूचना ४८ तासांत द्यावी लागते. स्फोटकांचा अपघात असेल तर जवळचं पोलीस ठाणं आणि मुख्य विस्फोटक नियंत्रक, दोघांनाही कळवायचं. या नियंत्रकांचं मुख्यालय नागपुरातच आहे. जखमींना काढण्यापुरतं आणि पुढचा धोका टाळण्यापुरतंच ढिगाऱ्याला हात लावा, तोही फोटो काढून. साहेब येणार म्हणून शेड झाडून ठेवणारे सुपरवायझर भेटतील. त्यांना तिथेच थांबवा.