विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक शाळेत यावेत म्हणून शाळेने काय करावं

पालकसभेच्या जुन्या वहीत माझ्याच अक्षरात एक शेरा आहे : ‘पालक उदासीन. तीन वेळा बोलावूनही आले नाहीत.’ तेव्हा मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या चार शाळांत विशेष शिक्षिका म्हणून फिरत होते. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी. पुढे कधीतरी त्या आईला शाळेतून गेलेल्या फोनांची उजळणी केली. तिन्ही फोन ‘आत्ताच्या आत्ता येऊन घेऊन जा’ याच जातीचे. एकदा मुलाने चड्डी ओली केली होती, एकदा बाकावरून उडी मारली होती, एकदा शेजारच्या मुलीला चावला होता. चौथ्यांदा शाळेचा नंबर दिसल्यावर त्या आईने फोन उचलला नाही. मीही उचलला नसता.

पहिला फोन चांगल्या बातमीचा

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरा दिवसांत, काही बिघडायच्या आत, हा फोन करा. तो वर्गशिक्षकांनी करायचा, विशेष शिक्षकाने नव्हे. आम्ही आठवड्यातून एक-दोनदा उगवतो. मूल रोज ज्यांच्यासमोर बसतं त्या बाईंचा आवाज घरी ओळखीचा व्हायला हवा.

पहिलं वाक्य ठरलेलं : ‘काही झालेलं नाही, घाबरू नका.’ ते कानावर पडल्याशिवाय पुढचं काही ऐकूच जात नाही. मग आपण स्वतः पाहिलेली एकच गोष्ट सांगा. ‘छान आहे हो तुमचा मुलगा’ असं कुणीही म्हणतं. ‘आज त्याने डब्याचं झाकण स्वतः उघडलं आणि शेजारच्याला चपाती दिली’ हे ऐकलं की आईला कळतं, इथे कुणीतरी याच्याकडे बघतंय. दोन मिनिटांत फोन ठेवा. आणि ठेवताना कामं सांगू नका. आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा त्या दिवशी मागायची नाही.

वेळ त्यांची धरा

मंगळवारी सकाळी अकराची सभा म्हणजे रोजंदारीवरच्या बापाचा खाडा आणि चार घरची कामं करणाऱ्या आईला चार ठिकाणी बोलणी. सकाळची भांडी-लादी उरकून संध्याकाळच्या पोळ्यांना जायच्या मध्ये, दुपारी दोन ते चार, अशा बऱ्याच आया मोकळ्या असतात. दोन अधिवेशनांची शाळा असेल तर आणखी सोपं : सकाळचं सुटून दुपारचं भरतं तेव्हा आई फाटकापाशी असतेच. पण तिथे गर्दीत, दप्तरं सावरत बोलू नका. बाजूच्या वर्गात दोन खुर्च्या टाकून दहा मिनिटं बसा.

दूरच्या विशेष शाळांची गोष्ट वेगळी. तिथे मुलाला लोकलच्या दिव्यांग डब्यातून आणणारी आई परत घरी जातच नाही. जाऊन-येऊन दोन तास मोडतात, म्हणून ती शाळेबाहेरच्या कठड्यावर किंवा स्टेशनच्या बाकड्यावर शाळा सुटेपर्यंत बसते. अशा पाच-सहा जणी रोज एकत्र असतात. शाळा पालकांना शोधत असते आणि पालक फाटकाबाहेर ऊन खात बसलेले! त्यांना एक खोली द्या. पंखा, पिण्याचं पाणी आणि बाथरूम वापरायची मुभा एवढंच पुरे. व्याख्यान तर अजिबात ठेवू नका. कुठल्या रुग्णालयात कुठल्या वारी कुठला डॉक्टर भेटतो, रेल्वेच्या सवलतीच्या पासाला काय लागतं, मुलाला फिट आली तर काय करायचं, हे त्या एकमेकींना आपल्यापेक्षा नीट सांगतात. आठवड्यातून एकदा शिक्षकाने चहाच्या वेळी तिथे डोकावावं आणि ऐकावं.

सहीच्या आधी माहिती

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्या एका मुलाने काय आणि कसं शिकायचं याचा कागद, ज्याला आम्ही सगळे आयईपी म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी आधी लिहून तयार असतो आणि पालकांना ‘इथे सही करा’ म्हणून बोलावलं जातं. हा क्रम उलटा करा. आराखडा पेन्सिलीने, अर्धा रिकामा ठेवून पालकांसमोर न्या आणि तीन गोष्टी विचारा : घरी तो स्वतःहून काय करतो? कशाने चिडतो? चिडल्यावर तुम्ही काय करता?

एका मुलाच्या नोंदीत मी लिहिलं होतं, ‘1 ते 5 संख्याज्ञान अपुरे.’ मणी मोजायला दिले की तो ते तोंडात घालायचा. त्याची आई घरी हेअरपिना कार्डाला लावायचं काम करायची, शेकड्यावर पैसे. पहिला प्रश्न विचारल्यावर ती म्हणाली, ‘काही नाही हो बाई, माझ्याजवळ बसतो, पिना लावतो.’ एका कार्डावर किती? ‘सहा.’ चुकतो का? ‘चुकला तर मला परत करावं लागेल ना,’ असं म्हणून ती हसली. दुसऱ्या दिवशी तिने कार्डं आणि पिना आणल्या. पोराने माझ्यासमोर तीन कार्डं भरली, सहा-सहा पिना, ओळीत. पाचव्यानंतर थांबून बोटाने एक जागा चाचपायचा आणि मग सहावी. मोजणी त्याला येत होती, मणी त्याच्या ओळखीचे नव्हते. आराखड्यातली ती ओळ त्याच दिवशी खोडली आणि सहापासून पुढे गेलो. (आता त्याच्याकडून कामच करून घ्यायचं का, असं कुणी विचारेल. नाही, शाळेत आम्ही पिनांवरून खडूवर आणि खडूंवरून नाण्यांवर आलो.)

उद्दिष्टं तीनच ठेवा, आणि ती अशी लिहा की घरच्या आजीलाही ‘झालं’ की ‘नाही झालं’ हे सांगता यावं. भाषा घरची हवी. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात आणि तरी मुलाच्या तपासणीचे रुग्णालयातले अहवाल इंग्रजीत येतात. आईच्या पिशवीत तो कागद वर्षभर घडी घालून पडलेला असतो. पंधरा मिनिटं काढून तो तिला वाचून दाखवा.

कागदपत्रांत हात द्या

पालकांचा विश्वास सगळ्यात लवकर इथे बसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर ‘निरामय’ या आरोग्य विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. हे आईबापांना बहुधा तिसऱ्याच कुणाकडून कळतं. शाळेने प्रत्येक मुलाची एक फाइल करावी, त्यात यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत, अहवाल आणि रुग्णालयाच्या पुढच्या तारखा ठेवाव्यात, आणि तपासणीला जाताना वर्गातलं निरीक्षण लिहून सोबत द्यावं.

अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडतं त्याचं, बोलणं तिसरी-चौथीतच काढा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी एका फेरीत होत नाही, आणि दहावीच्या वर्षी जाग आलेले पालक धावत सुटतात. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक, अशा सवलती असतात. ‘शिक्का बसेल’ या भीतीवर उपदेश करू नका, सवलती स्पष्ट सांगा आणि ठरवायला वेळ द्या.

चारचौघांत नको

ही चूक माझी आहे. भर पालकसभेत मी एका आईला म्हणाले, ‘तुमच्या मुलीचं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट राहिलंय हं.’ मागच्या दोघी वळून बघायला लागल्या. ती वर्षअखेरपर्यंत पुन्हा आली नाही. तेव्हापासून मुलाविषयी काहीही बोलायचं ते एकटीशीच. व्हॉट्सॲपच्या वर्गगटावरही त्या मुलाचा वेगळा फोटो, वेगळी सूचना, वेगळं कौतुक टाकत नाही.

समितीत जागा द्या

शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा द्यायच्या असतात, आणि 2012 च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मुलं याच घटकात मोडतात. म्हणजे उपकार नाही, नियमच आहे. समितीत अशी एक आई बसली की रॅम्पच्या तोंडाशी लावलेल्या स्कूटरचा विषय पहिल्याच बैठकीत निघतो.

तरीही कुणी आलं नाही तर

तुम्ही जा. आधी फोन करून वेळ विचारा आणि पाण्याची वेळ टाळा. ज्या चाळीत संध्याकाळी तासभरच नळ येतो तिथे त्या तासाला गेलात तर कुणी धड बोलणार नाही. मुलाने काढलेलं एखादं चित्र सोबत न्या. बाबा किंवा आजी घरात असतील तर त्यांनाही बोलतं करा, सगळी मदार आईवर टाकू नका. फाइल पिशवीतच राहू दे. चहा आला तर घ्या, आणि वीस मिनिटांत उठा.