माळ, सडा आणि डोंगरउतार सावरताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गावोगावी खड्डे काढण्याची लगबग सुरू होते, १ जुलैपासूनच्या वनमहोत्सवात रोपे लागतात, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्यांत वाळक्या काटक्या उरतात. त्याचे खापर दुष्काळावर किंवा शेळ्यांवर फोडले जाते. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा रोप लावण्याआधीच झालेली असते, कारण ती जागा मुळात कशाची होती हे कोणी पाहिलेलेच नसते.

मोकळी जागा उजाड समजणे

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील माळ कागदोपत्री ‘पडीक’ असला, तरी पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी ही त्याची हक्काची गवते आहेत. लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल त्यांच्याच आधाराने राहतात, खिलार जनावरे आणि माडग्याळी मेंढ्याही त्यांच्यावरच पोसल्या गेल्या. अशा माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाट लावली की काही वर्षांत टेकडी लांबून हिरवी दिसू लागते. मात्र उन्हावर जगणारी गवते सावलीत मरतात आणि झाडांखालची जमीन उघडी पडते. माझ्या मते ही हिरवाई म्हणजे नुकसानच आहे, मग तिची छायाचित्रे कितीही चांगली येवोत.

कासच्या किंवा चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळी पठारावर, ही चूक अधिक महाग पडते. तेथे जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम असतो, आणि त्यावर साचणाऱ्या उथळ पाण्यावरच गेंद, सीतेची आसवे आणि वायतुरा यांचे आयुष्य अवलंबून असते. सड्यावर समतल चर खणले तर हेच पाणी चरात उतरते. म्हणून काम ठरवण्यापूर्वी ऑक्टोबरमध्ये जागा पायी फिरून पाहावी, उभी गवते आणि जुने खुंट नोंदवावेत, आणि पाच-सात ठिकाणी पहार मारावी. वीतभर खाली सलग कातळ लागला, तर तेथे झाड लावू नये. खोल माती, ओघळांच्या कडा आणि जुने खुंट सापडले, तर ती झाडांची जागा आहे असे खुशाल समजावे.

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचे उदाहरण नेहमी दिले जाते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून उघड्याबोडक्या डोंगरांवर वन उभे राहिले, आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. ते काम मोठेच आहे. पण म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक माळाचे सागरेश्वर करायला निघणे योग्य नाही.

पश्चिमेचे वेळापत्रक पूर्वेला लावणे

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. शिवाय पूर्व भागाचा भरवसा परतीच्या पावसावर असतो; जूनच्या सरींवर लावलेले रोप जुलै-ऑगस्टच्या खंडात सापडते. तेथे खड्डे उन्हाळ्यातच काढून ठेवावेत, मात्र ओल हातभर खाली उतरल्याशिवाय रोप लावू नये, मग त्यासाठी सप्टेंबर उजाडला तरी हरकत नाही. हिवर, बोर, खैर, बाभूळ अशा काटक जातींचे बी थेट पेरणेही पूर्वेकडे चांगले.

रोप मलूल दिसले म्हणून लगेच उपटू नये. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी; आत हिरवे असेल तर ते जिवंत आहे. मेलेले रोप मात्र मुळासकट काढून तपासावे. मुळे पिशवीच्या आकारातच वेटोळे घालून बसलेली असतील, तर दोष पावसाचा नसून रोपवाटिकेत फार काळ ठेवलेल्या रोपाचा आहे.

घाणेरी वरून छाटणे

घाणेरी कोयत्याने छाटली किंवा पेटवली तर ती बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. माती ओली असताना, फळे पिकण्यापूर्वी, मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटे तोडावे, झुडूप उपटून उलटे करावे आणि त्याची मुळे मातीला टेकणार नाहीत अशी ठेवावीत. सगळा उतार एकदम साफ करू नये, कारण पक्ष्यांचा आसराही तीच असते आणि मोकळ्या झालेल्या मातीत रानमोडी किंवा गाजरगवत घुसते. टप्प्याटप्प्याने काढत जावे, आणि काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर पुढच्या पावसात मारवेलची ठोंबे लावावीत किंवा आदल्या हिवाळ्यात जवळच्या माळावरून गोळा केलेले पवन्याचे बी मातीत कालवून वरवर फेकावे. जमिनीतले घाणेरीचे बी पुढेही उगवत राहते, त्यामुळे निदान दोन-तीन पावसाळे रोपटी उपटण्यासाठी माणसे ठरलेली हवीत. निधी बहुधा याच टप्प्यावर संपतो, म्हणून तो आधीच बाजूला काढून ठेवावा.

चराई कायमची बंद करणे

सुरुवातीची काही वर्षे बंदी हवीच. ती कायम ठेवली तर मात्र उंच गवत माजते, त्याखाली लहान फुलझाडे दबतात आणि वाळलेला पेंढा वणव्याला आयताच मिळतो. बी झडल्यावर गवत कापून नेऊ द्यावे, पाळीपाळीने तुकडे चराईला खुले करावेत, आणि हे वेळापत्रक मेंढपाळांना सोबत बसवूनच ठरवावे. त्यांना वगळून घातलेले कुंपण फार दिवस टिकत नाही.

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, फेब्रुवारीपूर्वी काढून झाल्या पाहिजेत. एवढे करूनही वणवा लागलाच, तर घाईने नवे खड्डे काढू नयेत. पळस, बोर आणि आपटा यांचे बुंधे पावसात पुन्हा फुटतात. त्यांतील एक-दोन जोमदार फुटवे राखून बाकीचे काढावेत, आणि खुंट नसलेल्या जागांचा विचार पुढच्या वर्षी करावा.