‘पानी’ आणि ‘पाणी’: स्पीच थेरपीत एम.एस्सी. करताना

तुमची मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की आई अजूनही “बोबड्या मुलांना बोलायला शिकवते” असं सांगून मोकळी होते. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय. पण या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना तेवढ्यावर सोडून चालणार नाही, म्हणून आधी रस्ता सांगते.

आपल्याकडे सुरुवात बी.ए.एस.एल.पी. (बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी) या पदवीपासून होते. बारावी सायन्सनंतर चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, मग दोन वर्षांची एम.एस्सी. मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्र घेऊन बी.ए. झालेले बरेचजण विचारतात, थेट एम.एस्सी. करता येईल का? इथे नाही येत. ब्रिटनमध्ये दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचे मास्टर्स आहेत, तिथली माहिती वाचून हा घोळ होतो. दुसरं, फी भरायच्या आधी कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता आहे का ते बघा. ती नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणं १९९२च्या कायद्यात बसत नाही. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ, राज्याबाहेर म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट, ही नावं तुमच्या कानावर येतीलच.

पदवीला ऐकणं आणि बोलणं दोन्ही शिकवतात, एम.एस्सी.ला एक निवडावं लागतं. ऑडिओलॉजीत, म्हणजे ऐकण्याच्या बाजूला, यंत्रं आहेत, आकडे आहेत, आलेख काढून समोर ठेवता येतो. स्पीचमध्ये तुमचा कान हेच यंत्र. मी स्पीच घेतलं तेव्हा माझा कान उत्तम आहे अशी माझी ठाम समजूत होती. ती पहिल्याच सत्रात उतरली.

एका मोठ्या रुग्णालयात पोस्टिंग होतं. साडेचार वर्षांचा मुलगा, तक्रार ‘साफ बोलत नाही’. गाडीला ‘दाडी’, कपला ‘तप’. चित्रं दाखवून तपासणी केली आणि रिपोर्टमध्ये तीन दोष लिहिले: क-गच्या जागी त-द, ळच्या जागी य, णच्या जागी न. टापटीप तक्ता केला होता. आमच्या सुपरवायझर मॅडमनी तो वाचला आणि एवढंच म्हणाल्या, “त्याच्या आईला आत बोलाव. घरचं काहीतरी विचार.”

आई आत आली. मुलाच्या डोळ्याखाली खरचटलेलं होतं, त्याबद्दल विचारलं. “परवा पडला ना पायरीवरून. डोयाले लागलं असतं मॅडम, थोडक्यात वाचला. मंग थंड पानी लावलं.”

डोया. पानी. कुटुंब अकोल्याकडचं होतं आणि मुलगा अगदी आईसारखं बोलत होता. माझ्या तीन दोषांपैकी खरा दोष एकच, बाकीचे दोन म्हणजे त्याची बोली. आणि हे मला कळू नये? मी स्वतः जळगाव जिल्ह्यातली, माझी आजी डोळ्याला डोयाच म्हणायची. मुंबईत चार वर्षं पुस्तकी उच्चार घोटले आणि घरचा कान बुजला. मॅडम रागावल्या नाहीत. तक्त्यातल्या दोन ओळींवर पेन्सिलने काट मारली आणि पुढची केस घेतली. ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर एकेक दिसायला लागलं. इंग्रजी वळणाच्या तपासणीपत्रिकेत प्रत्येक वर्णासाठी तीन रकाने असतात: शब्दाच्या सुरुवातीला, मधे, शेवटी. मराठीत ळ आणि ण यांनी शब्द सुरूच होत नाही. तो रकाना कायम रिकामा, आणि नवखे विद्यार्थी तिथे ‘उच्चार नाही’ असं लिहून मोकळे होतात (मीही लिहिलंय). च तर आणखी मजेशीर. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च म्हणून बघा, जीभ दोन वेगळ्या जागी लागते. लिहिताना अक्षर एक, तोंडात ध्वनी दोन. मूल यातला कुठला चुकतंय हे लिपीवरून कळणार नाही, म्हणून ध्वनिलिपीत, म्हणजे प्रत्येक ध्वनीला वेगळं चिन्ह असलेल्या लिपीत, लिहायला शिकवतात. सुरुवातीला एका मिनिटाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला तासभर लागायचा.

मराठीत तयार साहित्य कमी, त्यामुळे चित्रांची कार्डं आम्ही स्वतः बनवायचो. ळसाठी नळ, फळा, पोळी, केळं. ‘वेळ’ आणि ‘वेल’ ही जोडी फार कामाची, पण वेळेचं चित्र काय काढणार? घड्याळ काढलं की मुलं ‘घड्याळ’ म्हणतात. ‘धूर’ आणि ‘दूर’ यांनीही असाच घाम फोडला.

मोठ्यांच्या केसेस एम.एस्सी.ला जास्त येतात: पक्षाघातानंतरचा वाचाघात, गिळण्याचा त्रास, स्वरयंत्र काढलेले कॅन्सरचे रुग्ण. माझ्या लक्षात राहिलेले एक एसटीचे निवृत्त कंडक्टर. समजायचं बऱ्यापैकी, पण पाणी हवं असलं तरी शब्द निघायचा नाही, हात नुसता हवेत फिरायचा. एकदा त्यांच्या बायकोने सहज सांगितलं, यांची ड्युटी बरीच वर्षं सातारा-स्वारगेट होती. मी “सातारा…” म्हणून थांबले. काका सुरू झाले: भुईंज, सुरूर, शिरवळ, खेड शिवापूर, कात्रज, स्वारगेट. न अडखळता, कंडक्टरच्याच चालीत. बायको रडायला लागली, तिला वाटलं वाचा परत आली. ती आली नव्हती. घोटून पाठ झालेलं अशा आजारात बरेचदा शाबूत राहतं, हवा तो शब्द हवा तेव्हा काढणं जातं. नुसतं ‘शिरवळ’ म्हणा म्हटलं की काकांना साताऱ्याहून गाडी काढावी लागायची. मग पुढचे काही आठवडे आमचं काम एकच, गाडी मधल्या स्टॉपवर थांबवायची. हे बायकोला समजावताना माझी जी त्रेधा उडाली, तिची तयारी कुठल्याच पेपरात झाली नव्हती.

पालकांचंही तसंच. वेखंड उगाळून जिभेला लावून झालेलं असतं, आणि आपण काहीतरी त्याहून भारी देऊ अशी अपेक्षा असते. फुगे फुगवायला दिले, शिट्टी वाजवायला लावली की त्यांना उपचार चालू झाल्यासारखं वाटतं. फुगे फुगवल्याने क सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. क म्हणायचा तर कच म्हणायचा सराव लागतो. तरी आपल्याच व्यवसायात फुगे वाटणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, आणि हे बोलले की माझे दोन-चार मित्र नाराज होतात.

डेझर्टेशनबद्दल, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रबंधाबद्दल, एवढंच: विषय असा घ्या की पाहिजेत तेवढे रुग्ण सहा महिन्यांत खरंच सापडतील. माझ्या एका मैत्रिणीने दुर्मीळ विकार निवडला आणि शेवटी रुग्ण शोधत चार जिल्हे फिरली.

प्रवेश घेणार असाल तर सुट्टीत एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटं बोलतं करा, फोनवर रेकॉर्ड करा आणि जसं ऐकू येतं तसं उतरवून काढा, शुद्ध न करता. मी ते उशिरा केलं, त्या रिपोर्टनंतरच्या दिवाळीत. आजी विहिरीबद्दल, गावच्या पाण्याबद्दल बोलत होती. दहा मिनिटांत एकही ण सापडला नाही.