महाबळेश्वरला दोघंच गाडी घेऊन निघालात? या चुका टाळा

पहिल्यांदा आम्ही दोघंच गाडी घेऊन महाबळेश्वरला गेलो, तेव्हा रविवारी रात्री घरात शिरल्या शिरल्या नवऱ्याने सोफ्यावर अंग टाकलं आणि म्हणाला, "मस्त झाली ना ट्रिप?" मी म्हटलं, "कुणाची? मी दोन दिवस पुढच्या गाडीची नंबरप्लेट बघत होते." थंड हवेच्या ठिकाणाहून येऊन घरात जे तापलं ते मंगळवारपर्यंत निवलं नाही.

नंतर चार-पाच वेळा गेलो. दर खेपेला एकेक चूक कमी होत गेली. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. चौघं-पाच जणांच्या सहलीत एक जण गाडी चालवतो आणि बाकीचे मजा करतात. दोघांच्या सहलीत एक जण चालवतो म्हणजे अर्धी सहल स्टिअरिंगला बांधली जाते. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

शुक्रवारी रात्रीच निघायचा हट्ट

"ऑफिसमधून आलो की थेट निघू, सकाळी उठू तर महाबळेश्वर!" ऐकायला छान वाटतं. पुण्यापासून अंतर जेमतेम १२० किलोमीटर आहे, त्यामुळे शक्यही वाटतं. पण दिवसभर काम केलेला माणूस रात्री दहाला शहराबाहेर पडतो, खंबाटकी घाटात ट्रकच्या रांगेत अडकतो, आणि पसरणी घाटात पोचतो तेव्हा डोळे मिटायला लागलेले असतात. वाई ते पाचगणी अंतर बारा-तेरा किलोमीटरच आहे, पण घाट तो घाटच. रात्री समोरून येणाऱ्याचे दिवे डोळ्यांवर येतात आणि बाजूला दरी आहे की भिंत ते कळत नाही. शिवाय एका रात्रीचं भाडं भरून मिळते पाच तासांची झोप.

शनिवारी पहाटे पाचला निघा. साडेसातपर्यंत वाई येते. तिथे मिसळ-चहा आणि ढोल्या गणपतीला नमस्कार. घाट गर्दीच्या आधी चढून होतो. हॉटेलात खोली दुपारी मिळते, मग मधले तीन-चार तास काय करायचं, असं विचारणाऱ्यांसाठी पाचगणीजवळ भिलार आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. गावातल्या घराघरांत मराठी पुस्तकं मांडून ठेवलेली आहेत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं. दोघांना शांत बसायला याहून चांगली जागा मला त्या भागात सापडलेली नाही. 'पॉइंट' नसल्याने गर्दीही त्या मानाने कमी.

मुंबईकरांचं गणित वेगळं. एक्सप्रेसवेने पुण्यावरून आलात तर अडीचशेहून जास्त किलोमीटर होतात. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते बसवायचं तर येताना एकाने आणि जाताना दुसऱ्याने गाडी चालवायची, हे निघण्याआधीच ठरवा.

भाड्याची गाडी न बघता घेणं

स्वतः चालवायला दिल्या जाणाऱ्या अधिकृत भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी खासगी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेतली आणि ठोकली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. स्वस्ताई तिथेच संपते.

आमची चूक मात्र साधीच होती. गाडी ताब्यात घेताना अंधार होता, आम्ही घाईत होतो. परत देताना मागच्या बंपरवरचा ओरखडा आमच्या नावावर लागला आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. तेव्हापासून गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढते. छत, चाकांच्या रिम, काच, किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा, सगळं. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक-पाना जागेवर आहे का, तेही उघडून बघते. फास्टॅगमध्ये पैसे कुणी भरायचे, रोजची किलोमीटरची मर्यादा किती, हे विचारून घ्या. टाकी वाईच्या आधीच भरा.

घाटात क्लचवर पाय ठेवून उभं राहणं

हा आमच्या घरचा ऐतिहासिक प्रसंग. डिसेंबरचा मोठा वीकएंड, पसरणी घाट, गाड्या गोगलगायीसारख्या सरकताहेत. मी अर्धवट क्लच दाबून आणि किंचित अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी चढावर तोलून धरली होती. ब्रेक लावायचा कंटाळा, दुसरं काय! वीसेक मिनिटांनी जळक्या रबरासारखा वास आला. नवरा म्हणाला, "पुढच्या ट्रकचा असेल." ट्रक वळून गेला, वास राहिला.

अर्धा क्लच दाबलेला असतो तेव्हा क्लचची तबकडी इंजिनच्या चकतीवर नुसती घासत राहते. चढावर सगळं वजन त्या घासण्यावर तोललेलं असतं, म्हणून ती भराभर तापते. वास आलाच तर रस्ता रुंद असेल तिथे बाजूला घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. तसंच रेटत राहिलात तर क्लच घसरायला लागतो. म्हणजे इंजिन ओरडतं आणि गाडी काही पुढे सरकत नाही. मग टोइंगची गाडी बोलवावी लागते.

ते टाळायचं कसं, तर पुढच्या गाडीला चिकटायचं नाही. चांगलं दोन गाड्यांचं अंतर पडू द्यायचं, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून एकदम तेवढं अंतर काटायचं. थांबल्यावर हँडब्रेक, न्यूट्रल, पाय मोकळा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. निघताना क्लच पकडतोय असं जाणवलं की मगच हँडब्रेक सोडायचा, गाडी मागे जात नाही. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी हसू नये. त्यातल्या एएमटी प्रकारात, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्र हलवतं त्या गाड्यांत, आतला क्लच असाच तापतो, तेव्हा चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलू नका, ब्रेकच दाबा.

तापमानाचा काटा वर चढायला लागला तर एसी बंद करून थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

ज्याला गाडी लागते त्याला मोबाइल देणं

शेजारी बसलेल्याने नकाशा बघायचा, असा आमचा नियम होता. नवऱ्याला गाडी लागते. वळणांवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला माणूस तिसऱ्या वळणाला गप्प होतो आणि पाचव्याला खिडकी उघडतो. कान सांगतो आपण वळतोय, डोळे सांगतात स्क्रीन तर स्थिर आहे. या दोघांच्या भांडणात पोट मरतं.

उपाय अगदी अनपेक्षित निघाला. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण कुठे आहे ते त्याला आधीच माहीत असतं. म्हणून आता हायवे माझा आणि घाट त्याचा. मला दरी बघायला मिळते, धोम धरणाचं पाणी दिसतं, आणि त्याचं पोट शांत राहतं. इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही, देव जाणे. दोघांपैकी एकालाच चालवता येत असेल, तर दुसऱ्याने पुढच्याच सीटवर बसायचं, नजर लांब रस्त्यावर ठेवायची, काच थोडी खाली करायची आणि आधी तेलकट वडापाव हाणायचा नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या बरंच आधी. वळणावर घेतलेली गोळी फक्त मनाचं समाधान. ती गोळी घेऊन स्टिअरिंगवर मात्र बसू नका, झोप येते.

न्यूट्रलमध्ये उतरणं

"उताराला पेट्रोल वाचतं" म्हणून न्यूट्रल करणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला इंधन जाणं जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे बचत शून्य आणि सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा किंवा तिसरा गिअर, मधून मधून ब्रेक दाबून सोडायचा, पाय ठेवून द्यायचा नाही. ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलेला असतो. आणि रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नियम आहे, मेहेरबानी नाही.

नकाशा म्हणतो म्हणून आंबेनळी

मुंबईहून येणाऱ्यांना नकाशा कधी कधी गोवा हायवेने पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाट दाखवतो. हिवाळ्यात, दिवसाउजेडी, हाताला घाटाची सवय असेल तर तो रस्ता देखणा आहे, वाटेत प्रतापगडाचा फाटाही येतो. पण पहिल्यांदाच घाट चालवणाऱ्याने पावसात तिकडे जाऊ नये. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला, वाहून गेला होता. दरडींमुळे तो अधूनमधून बंदही ठेवतात. नकाशाला ते वेळेवर कळेलच असं नाही. हॉटेलवाल्याला फोन करून विचारा, "दादा, रस्ता चालू आहे का?" ही माहिती अजूनही सगळ्यात भरवशाची.

कोयनेच्या जलाशयाकाठच्या तापोळा गावाचंही तसंच. महाबळेश्वरहून पंचवीस-तीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास असं समजून दुपारी चारला निघाल, तर कोयनेच्या पाण्याकाठी सूर्य मावळेल आणि तो अरुंद, वळणावळणाचा रस्ता अंधारात चढून यावं लागेल. तिथे सकाळीच जा.

धुक्यात हाय बीम

धुकं दाट झालं की हात आपोआप हाय बीमकडे जातो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटा डोळ्यांवर येतो. लो बीम आणि असतील तर फॉग लॅम्प लावा, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चाला, काच थोडी उघडी ठेवा म्हणजे हॉर्न ऐकू येतो. चारही इंडिकेटर लावून चालवू नका. तुम्ही वळताय की थांबलाय, मागच्याला कळत नाही. ते थांबल्यावर लावायचे, आणि थांबायचं ते रस्ता सोडून.

बऱ्याचदा मात्र धुकं बाहेर नसतं, काचेवर आतून असतं. दोन माणसांचे श्वास आणि ओले रेनकोट! रुमालाने पुसत बसण्यापेक्षा एसी चालू करून हवा पुढच्या काचेवर सोडा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करा. एसी ओलावा शोषतो, मिनिटभरात काच साफ. थंडी वाजत असेल तर तापमान वाढवा, एसी बंद करू नका.

सगळे पॉइंट एका दिवसात

मला वाटतं, चिडचिड सर्वांत जास्त याने होते. यादी घेऊन निघालं की प्रत्येक ठिकाणी पार्किंग शोधा, फोटो काढा, पळा. पार्किंग मिळेपर्यंत चालवणाऱ्याचा मूड गेलेला असतो. दोन दिवसांत दोन दिशा पुरेत. एका सकाळी क्षेत्र महाबळेश्वर, पंचगंगेचं देऊळ आणि पुढे आर्थर सीट. दुसऱ्या पहाटे विल्सन पॉइंटवरून सूर्योदय. ज्यांच्या नावाचे पॉइंट आहेत ते बाकीचे साहेब लोक पुढच्या खेपेला भेटतील, ते कुठे जात नाहीत. फारच वाटलं तर अर्धा दिवस स्थानिक टॅक्सी करा. दोघांनाही खिडकीतून बाहेर बघता येतं आणि पार्किंग ही ड्रायव्हरदादांची काळजी.

वेण्णा लेक पाचगणीकडून येणाऱ्या रस्त्यालाच आहे, त्यामुळे सुट्टीच्या संध्याकाळी तिथे गाड्या तुंबतात. हॉटेल त्या बाजूला असेल तर बाजाराचं काम सकाळी उरका, किंवा बाजारालगतच खोली घ्या आणि गाडी सोमवारसारखी विसरून जा. "पार्किंग आहे" एवढ्यावर विसंबू नका, तीव्र उतारावरची एक फट असू शकते. तशी असेल तर हँडब्रेकसोबत गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा. गाडीत खाऊ ठेवून काच उघडी टाकली तर माकडं आभार मानतील. लग्न झालेलं नसेल, तर दोघांची ओळखपत्रं चालतात का, हे बुकिंगआधी फोनवर विचारा. काही ठिकाणी दारात नाटकं होतात.

आणि कपडे. मे महिन्याच्या दुपारी इथेही ऊन लागतं, तर कडाक्याच्या थंडीत वेण्णाकाठी पहाटे दव गोठतं. एकाच नावाच्या गावात दोन हवामानं राहतात.

रविवारी संध्याकाळी परतणं

सगळं गाव चारला निघतं. तुम्ही अकराला निघा, पसरणी घाट उतरा आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट बघा. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेल्या घंटांपैकी एक तिथे टांगलेली आहे. पायऱ्यांवर बसलं की गाडीतून उतरल्यासारखं खरंच वाटतं.

स्ट्रॉबेरी जाताना घेऊ नका, येताना घ्या. वरच्या थरातली मोठी लाल फळं बघून भुलू नका, खालचा थर उलटून बघा. आणि पेटी तापलेल्या डिकीत ठेवू नका, पुण्यापर्यंत तिचा जॅम होतो. गेल्या खेपेला हायवेही त्यानेच चालवला आणि पेटी माझ्या मांडीवर होती. खेड शिवापूरचा टोलनाका आला तेव्हा त्याने हात पुढे केला, "एक दे ना." पेटीत तीन उरल्या होत्या.