बालविकास आणि बालपणातील ताण: पुण्यातून पोस्टडॉकची वाट कशी आखावी

पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात सादर झाला, की पुण्यातील बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांचा पुढचा शोध विद्यापीठांच्या नावांपासून सुरू होतो: कोणते विद्यापीठ मोठे, कोणत्या देशाचा व्हिसा सोपा, कोठे पैसे अधिक. बालविकास आणि बालपणातील ताण या विषयात हा क्रम उलटा ठेवावा लागतो, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, नेमणूक साधारणपणे दोन ते तीन वर्षांची असते. गर्भात किंवा पहिल्या दोन वर्षांत सोसलेल्या ताणाचा परिणाम मुलाच्या भाषेत, झोपेत, एकाग्रतेत किंवा वर्तनात स्पष्ट दिसायला मात्र त्याहून बराच अधिक काळ जातो. नव्याने गर्भवती महिलांची नोंदणी करण्याचा बेत मनात धरून जो निघतो, त्याच्या हाती नेमणूक संपताना बहुधा प्रश्नावल्यांचे गठ्ठे आणि अर्धा भरलेला फ्रीझर एवढेच उरते. म्हणून ज्या गटाकडे त्याच मुलांच्या मोजमापांच्या दोन-तीन फेऱ्या आधीच पूर्ण झालेल्या आहेत, तेथे आपले एखादे पक्के कौशल्य घेऊन जावे. पुढील सर्व सूचना या एका विचारावर उभ्या आहेत.

प्राण्यांवरील संशोधनाला अर्थातच हा हिशोब लागू पडत नाही. उंदराचे पिल्लू दोनेक महिन्यांत प्रौढ होते, त्यामुळे पिल्लांना काही तास आईपासून दूर ठेवणे, किंवा जन्मानंतरच्या दुसऱ्या ते नवव्या दिवसापर्यंत पिंजऱ्यात घरट्यासाठी अगदी अपुरे साहित्य देऊन आईची देखभाल विस्कळीत करणे, या रूढ पद्धतींनी दोन वर्षांत पूर्ण प्रयोग उभा राहू शकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने बालवयातील ताण आणि सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन यांच्या संबंधावर दीर्घकाळ काम केले आहे, आणि पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत उंदरांसाठीची राष्ट्रीय सुविधा आहे. या बाजूने जाणाऱ्याने संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी नव्या प्रयोगाला लागू होते की नवीन अर्ज करावा लागेल, एवढे रुजू होण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण त्या मंजुरीत अनेक महिने जाऊ शकतात.

मानवी संशोधनाकडे वळणाऱ्याने प्रथम आपल्या अंगणात काय आहे ते नीट पाहावे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने, मातापोषणाचा जो अभ्यास सुरू केला, त्यात जन्मलेली मुले आज प्रौढ आहेत. जन्मतः किरकोळ दिसणाऱ्या भारतीय बाळाच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे जगाला या अभ्यासाने दाखवून दिले. त्याच केईएमच्या संशोधन केंद्राचा वढू बुद्रुक परिसरातील ग्रामीण आरोग्य उपक्रम २००२ पासून गावांतील जन्म-मृत्यू आणि स्थलांतराची सातत्याने नोंद ठेवतो. ताणाच्या थेट अभ्यासासाठी म्हैसूरच्या पार्थेनॉन समूहाचे, म्हणजे जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या गटाचे, काम वाचावे. तेथे किशोरवयीन मुलांना परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी गणित करायला लावणारी ट्रिअर चाचणी देऊन, त्यांच्या कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचा प्रतिसाद जन्माच्या वेळच्या वजनाशी ताडून पाहण्यात आला. परदेशांत ब्रिस्टलचा १९९१-९२ मधील गर्भवतींपासून सुरू झालेला अभ्यास, न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आणि अमेरिकेतील ११,०००हून अधिक मुलांच्या मेंदूच्या वाढीचा एबीसीडी अभ्यास ही परिचित नावे आहेत. या याद्या पाठ करण्यात काही हशील नाही. मुलांचे वय किती असताना कोणते मोजमाप झाले, कोणते नमुने साठवलेले आहेत आणि कोणत्या प्रश्नाकडे अद्याप कोणी पाहिलेले नाही, असे तीन रकाने करून प्रत्येक समूहाची एक पानाची टिपण ठेवली, तर अर्जातील निम्मे काम तेथेच उरकते.

कौशल्याच्या बाबतीत मात्र घाई करू नये. ‘मला प्रश्नावल्या, मुलाखती, हार्मोन्स आणि मेंदूचे आलेख या सगळ्याचा अनुभव आहे’ असे लिहिणाऱ्या अर्जापेक्षा एका मोजमापाची खोड ओळखणारा अर्ज निवड करणाऱ्याला अधिक पटतो. कॉर्टिसॉलचेच उदाहरण घ्यावे. हे हार्मोन जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जाते आणि दिवसभर उतरत राहते, म्हणून लाळेचा एकच नमुना, तोही वेळ न नोंदवता घेतलेला, जवळजवळ निरुपयोगी असतो. शिरूर तालुक्यातील एखाद्या घरात सकाळी नमुना घ्यायला गेलेल्या कार्यकर्तीला बाळ केव्हा उठले, दूध केव्हा प्यायले आणि दात येताना हिरडीतून रक्त येते आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात, कारण दूध आणि रक्त दोन्ही मोजणी बिघडवतात. गेल्या काही महिन्यांचा एकत्रित अंदाज हवा असेल, तर केसांतील कॉर्टिसॉल मोजतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, या हिशोबाने मुळाजवळचे तीन सेंटिमीटर म्हणजे मागचे तीन महिने. आपल्याकडे बाळाचे जावळ काढले गेले असेल, तर त्यापूर्वीचा सगळा काळ त्या केसांबरोबरच गेलेला असतो, आणि टाळूवर रोज तेल घालण्याची नोंदही ठेवावी लागते. परदेशातील प्रमाणित कार्यपद्धतीत जावळाचा उल्लेख सापडणार नाही. पुण्यात काम केलेल्या उमेदवाराला तो सुचतो, आणि मुलाखतीत असा एक मुद्दा सविस्तर सांगता आला, तर समोरच्या प्रमुख संशोधकाला या व्यक्तीने क्षेत्रकाम स्वतः केले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

विकासाची चाचणी हे ज्यांचे बलस्थान आहे, त्यांनाही हेच लागू आहे. बालविकास मोजणारी बेली चाचणी जगभर चालते, परंतु भारतीय बालकांसाठी प्रमिला फाटक यांनी बडोद्यात बसवलेले, जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतचे ‘डासी’ हे मापन ज्याला हाताळता येते, त्याने ते अर्जात ठळक लिहावे. चाचणी स्वतः किती बाळांवर घेतली आणि दोन परीक्षकांच्या गुणांतील मेळ कसा तपासला, हे एका वाक्यात यावे.

सांख्यिकीबद्दल थोडक्यात: सांख्यिकीसाठीची आर ही संगणकभाषा, वारंवार केलेल्या मोजमापांसाठीची मिश्र प्रारूपे आणि गहाळ माहितीची हाताळणी या तीन गोष्टी येत नसतील, तर आधी त्या शिकाव्यात. सरावासाठी स्वतःची माहिती गोळा करण्याची गरज नाही. भारतातील आंध्र प्रदेश व तेलंगणा धरून चार देशांतील मुलांचा ‘यंग लाइव्ह्ज’ अभ्यास आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण यांची माहिती नोंदणी करून संशोधकांना मिळू शकते. मोठेपणी आठवून सांगितलेले बालपणीचे हाल आणि त्याच व्यक्तींच्या बालपणी प्रत्यक्ष नोंदवलेले हाल यांत फारसा मेळ बसत नाही, हे या विषयातील एक अवघड सत्य आहे. १९९८ साली गाजलेल्या अमेरिकी अभ्यासाची प्रतिकूल अनुभवांची गुणसंख्या ही आठवणींवर आधारलेली होती. ती सरसकट वापरणाऱ्या प्रस्तावाला जाणकार परीक्षक पहिला प्रश्न तेथेच विचारतो.

नीतीविषयक तयारीकडे आपल्याकडील उमेदवार सर्वांत कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते मुलाखतीतील खरी परीक्षा तेथेच होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी सहमती घ्यावी लागते. त्याहून बिकट प्रश्न गुप्ततेचा आहे. मुलाखतीदरम्यान एखाद्या आईने मुलीवरील लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; म्हणजे ‘आपण सांगाल ते पूर्णपणे गुप्त राहील’ असे संमतिपत्रात छापणे हे खोटे आश्वासन ठरते. ही मर्यादा आईला मुलाखत सुरू होण्यापूर्वी साध्या शब्दांत कशी सांगणार, ती रडू लागली तर कार्यकर्तीने काय करावे आणि त्या संध्याकाळी समुपदेशक कोण उपलब्ध असेल, याचे उत्तर तयार असावे. रोमेनियातील बुखारेस्टच्या अनाथालयांतील १३६ मुलांचा प्रकल्प याच दृष्टीने बारकाईने वाचावा: काही मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पालक-कुटुंबांत पाठवणे आणि उरलेल्यांना नेहमीच्या व्यवस्थेत राहू देणे नैतिकदृष्ट्या कसे समर्थनीय ठरवले गेले, यावर आजही चर्चा होते. परदेशी निधी असेल किंवा नमुने परदेशी पाठवायचे असतील, तर आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरी लागते, आणि त्या वेळेचा अंदाज प्रस्तावाच्या वेळापत्रकात धरावा.

निधीचे मार्ग स्वभावतः वेगवेगळे आहेत. जीवशास्त्राच्या बाजूने येणाऱ्यांसाठी पूर्वी एसईआरबी या केंद्रीय विज्ञान-निधी मंडळाकडे असलेली आणि आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे आलेली राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्ती दोन वर्षांची असते. तिची वयोमर्यादा पस्तीस असून महिला व राखीव प्रवर्गांना सवलत मिळते, आणि प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. व्हायवा आणि नोटिफिकेशन यांच्यामध्ये अडकलेल्या आपल्या विद्यापीठातील उमेदवारांना ही शेवटची तरतूद फार उपयोगी पडते. मानसशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र यांतील उमेदवारांनी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची शिष्यवृत्ती पाहावी. तिची वयोमर्यादा अधिक सैल आहे. युरोपातील मारी क्युरी शिष्यवृत्तीला आधीच्या तीन वर्षांत यजमान देशात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिलेला उमेदवार चालत नाही, आणि तिचे अर्ज सहसा सप्टेंबरमध्ये बंद होतात, म्हणून यजमानाशी बोलणी गणपतीत सुरू करून भागत नाही, ती उन्हाळ्यातच व्हावी लागतात.

अमेरिकेतील जाहिराती वाचताना एक ओळ आधी शोधावी. बालपणातील ताण या विषयावरील अनेक पोस्टडॉक जागा ‘टी-३२’ या प्रशिक्षण अनुदानातून भरल्या जातात, आणि त्या केवळ अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवाशांसाठी असतात. जाहिरात कितीही आपल्यासाठीच लिहिलेली वाटली, तरी त्या अनुदानाचा उल्लेख दिसताच पुढे जावे, किंवा त्याच गटाच्या इतर संशोधन अनुदानातून जागा आहे का, असे विचारावे. तसे विचारण्यात गैर काही नाही, आणि पुष्कळदा जागा असतेही. नागरिकत्वाची अट नसलेले ‘के-९९’ हे अनुदान नंतरच्या टप्प्यावर उपयोगी पडते, परंतु पोस्टडॉकच्या पहिल्या चार वर्षांतच त्यासाठी अर्ज करता येतो, हे रुजू होतानाच लक्षात ठेवावे.

पत्र लिहिताना ‘आदरणीय महोदय, आपल्या महान कार्याने मी प्रभावित झालो’ ही आपली सवय सोडावी. पहिल्या दोन वाक्यांत काम यावे: तुमच्या गटाने सहा महिन्यांच्या आणि दोन वर्षांच्या बाळांचे कॉर्टिसॉल प्रसिद्ध केले आहे, त्याच मुलांच्या चौथ्या वर्षीच्या झोपेच्या नोंदी उपलब्ध असल्याचे दिसते, आणि या दोहोंतील संबंध वाढीच्या प्रारूपाने तपासण्याचे काम मी अमुक समूहावर केले आहे. सोबत दोन पानी परिचय आणि एकच शोधनिबंध पुरे. तीन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर एक स्मरणपत्र पाठवावे, त्यापुढे नाद सोडावा. शिफारसपत्रे देणाऱ्या मार्गदर्शकांना किमान महिनाभर आधी कळवावे आणि आपण नेमके कोणते काम त्यांच्यासमोर केले, याची चार ओळींची आठवण द्यावी. व्यग्र मार्गदर्शक ती टिपण आनंदाने वापरतात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची सकाळी नऊची मुलाखत हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते. पाऊण तासाच्या सादरीकरणात निष्कर्षांपेक्षा अभ्यासातून गळालेल्या मुलांबद्दल अधिक प्रश्न येतात: किती कुटुंबे स्थलांतरित झाली, किती आईंनी नंतर नकार दिला, गळालेली मुले उरलेल्यांपेक्षा वेगळी होती का. या प्रश्नांसाठी एक वेगळी स्लाइड शेवटी ठेवून द्यावी.

नेमणुकीचे पत्र आल्यावर पगाराबरोबरच तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. माहिती वापरण्याची परवानगी रुजू होण्याच्या दिवशी तयार असेल का, कोणत्या प्रश्नावर पहिले लेखकत्व आपले असेल, आणि नेमणूक संपल्यानंतर तीच माहिती पुण्यातून वापरता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण विसरतात. परत आल्यावर आयसर, खाजगी विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालयाचे संशोधन केंद्र किंवा बालविकासावर काम करणारी संस्था यांपैकी कोठेही रुजू झाले, तरी पहिली दोन वर्षे अध्यापनात आणि नीती समितीच्या कागदपत्रांत जातात, आणि त्या काळात शोधनिबंध निघतात ते मागे ठेवलेल्या माहितीतूनच. ती वापरण्याचा करार निघण्यापूर्वीच सहीसह हातात असावा.