गुंडाळलेला कॅनव्हास चौकटीवर चढवताना
गिरगावात माझ्याकडे लोक चित्र गुंडाळून आणतात, बहुतेकदा रंग आत ठेवून. उलट करा, रंग बाहेर हवा. लाकडी चौकट अशी घ्या की चारी बाजूंना दोन इंच कापड उरेल. दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तरच ती काटकोनात. पहिली पिन एका बाजूच्या मधोमध, दुसरी बरोबर समोर, मग उरलेल्या दोन बाजू, तिथून थोडं थोडं कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केलीत की सुरकुती पडलीच; माझं पहिलं काम तसंच वाया गेलं. जुनं चित्र ढोलकीसारखं ताणू नका, रंग तडकतो. पावसाळ्यात सैल पडलं तर चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या ठोका. तैलचित्राला काच कशाला? त्यापेक्षा फ्रेममागे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे चित्र भिंतीला टेकणार नाही; आपल्या भिंती ओल धरतात.